पार्थपूरचे ज्योतिर्विद ज्ञानराज

ग्रहण हे खगोलशास्त्राचे मोजमापाचे एक विश्वासू साधन आहे. परस्परांभोवती फिरताना एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या त्रिज्या आणि वस्तुमाने आजही त्यांच्या ग्रहणांवरून काढली जातात. ग्रहणाच्या गणिताची जोपासना पाचशे वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील पाथरी येथे, म्हणजे तेव्हाच्या पार्थपुरी, ज्ञानराज यांनी केली.

ज्ञानराजांच्या वडिलांचे नाव नागनाथ. घराण्यात विद्येची परंपरा जुनी होती. बहमनी सत्ता विस्कटत असतानाच्या अस्थिर काळात, शके १४२५ म्हणजे इ.स. १५०३ च्या सुमारास, त्यांनी ‘सिद्धान्तसुंदर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ इ.स. ११५० मधला. त्यानंतर क्षीण झालेली सिद्धान्तग्रंथांची परंपरा ज्ञानराजांनी पुन्हा सुरू केली. ग्रहगती, ग्रहणे व वेधयंत्रे यांबरोबर ऋतुवर्णनाचे काव्यही या ग्रंथात आहे.

त्यांच्यापुढील पेच अवघड होता. पुराणांतील विश्वरचना हा श्रद्धेचा विषय, तर गोल पृथ्वी हा गणिताचा पाया. पृथ्वी स्वशक्तीने निराधार राहते, हे भास्कराचार्यांचे मत अमान्य करून ज्ञानराजांनी तिला पुराणोक्त आधार असल्याचे प्रतिपादिले. तथापि पृथ्वीचे गोलत्व आणि ग्रहणाचे गणित त्यांनी सोडले नाही.

त्या गणिताचे मर्म असे. चंद्रग्रहणात चंद्रबिंब पृथ्वीच्या छायेतून जाते. बिंब व छाया यांचे व्यास, चंद्राचा शर आणि सूर्य-चंद्रांच्या गतींतील अंतर ठाऊक असले, की ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष यांच्या वेळा काढता येतात. म्हणजे येथे आकारावरून काळ मिळतो.

ताऱ्यांच्या बाबतीत ही रीत उलट होते; काळावरून आकार काढला जातो. इ.स. १७८३ मध्ये इंग्लंडमधील तरुण निरीक्षक जॉन गुडरिक यांनी ययाति तारकासमूहातील अल्गोल हा तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी मंदावतो, हे दाखवून दिले आणि एखादे बिंब त्यास झाकत असावे, असा तर्क मांडला. अशा युग्मताऱ्यांत ग्रहणाचा अवधी व प्रकाशातील घट यांवरून त्रिज्यांचे कक्षेशी प्रमाण कळते; वर्णपटावरून मिळालेल्या वेगांची जोड दिली, की प्रत्यक्ष त्रिज्या आणि वस्तुमाने हाती येतात. ज्ञानराजांना याची कल्पना असणे शक्य नव्हते. परंतु एका बिंबाने दुसऱ्यास झाकण्याची भूमिती तीच आहे.

त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ व ‘लीलावती’ या ग्रंथांवर, तर दुसरे पुत्र चिंतामणी यांनी ‘सिद्धान्तसुंदर’वर टीका लिहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात ज्ञानराजांची नोंद घेतली. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘सिद्धान्तसुंदर’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. श्रद्धेला जागा देऊनही गणिताची शिस्त न सोडणाऱ्या या पाथरीकराची ओळख त्यांच्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना व्हावयास हवी.