सुभेदार रामजींचा मुलगा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की आपल्याला राज्यघटना आठवते. मला आज त्यांच्या बालपणाविषयी लिहावेसे वाटते, कारण त्याचा धागा लष्कराशीच जुळतो. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचा जन्म झाला. रामजी सकपाळांचे ते चौदावे अपत्य. वडील सुभेदार आणि लष्करी शाळेतले मुख्याध्यापक.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट घरून न्यायचे आणि परत आणायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. पुढे मुंबईत संस्कृत शिकायचे होते, तेही नाकारले गेले. फारसी घ्यावी लागली. शाळेतून रोज मिळणारा शेरा एकच होता : तू इतरांपेक्षा कमी आहेस. लहान मुलाने तो खरा मानला असता तर नवल नव्हते.

घरी मात्र उलटा अनुभव येई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत. पेन्शन तुटपुंजी, तरी पुस्तक हवे असले की ते लग्न झालेल्या मुलींकडून उसने पैसे आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत. तू शिकू शकतोस, हे त्या मुलाला वडिलांच्या वागण्यातून रोज कळत होते. शिस्त कडक होती, पण तिच्यामागे भरवसा होता.

असाच भरवसा एका शिक्षकाने दाखवला. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी हेरला. ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. कॉलेजसाठी सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळाले, तेही त्यांच्याच खटपटीने. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते यश पाहायला वडील उरले नव्हते.

उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिताना मला रामजी आठवतात. चूक दाखवावीच लागते, कॅडेटला पहाटे उठवावेही लागते. पण हे सारे आपण त्याला कमी लेखून करतो की त्याच्यावर विश्वास ठेवून, हे मुलाला बरोबर कळते. पालकांनो, सुट्टीत प्रगतिपुस्तक हाती येईल तेव्हा एवढे ध्यानात असू द्या.