मोलोकाईचे फादर डेमियन

पॅसिफिक महासागराच्या अफाट विस्तारात हवाई नावाचा एक द्वीपसमूह आहे. आज तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोडतो. परंतु एकोणिसाव्या शतकात तेथे एक स्वतंत्र राज्य नांदत होते. बाहेरून येणाऱ्या जहाजांबरोबर त्या बेटांवर जे नवनवे रोग आले, त्यांत कुष्ठरोगही होता. तो झपाट्याने पसरू लागला. त्या काळी त्यावर औषध ठाऊक नव्हते. भयभीत झालेल्या शासनाने १८६५ मध्ये एक कायदा केला आणि पुढच्याच वर्षापासून रोग्यांना घरादारापासून तोडून मोलोकाई बेटावर नेऊन सोडण्यास प्रारंभ झाला.

ती जागा म्हणजे निसर्गाने बांधलेला बंदिवासच होता. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस सुमारे २,००० फूट उंचीचा उभा कडा! तेथे गेलेला रोगी सहसा परत येत नसे. आईपासून मूल दुरावे, पतीपासून पत्नी दुरावे. क्वचित एखादा आप्त आपल्या माणसाच्या मायेने स्वखुशीने त्याच्याबरोबर जाई. वसाहतीत पुरेशी घरे नव्हती, निवासी वैद्य नव्हता आणि मृतास नीट मूठमाती देण्याचीही सोय नव्हती. अशा ठिकाणी १८७३ मध्ये तेहतीस वर्षांचा एक निरोगी पुरुष आपण होऊन गेला आणि अखेरच्या श्वासापर्यंत तेथेच राहिला. त्या पुरुषाचे नाव फादर डेमियन.

त्यांचे मूळ नाव जोसेफ द व्ह्यूस्टर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने धान्याचा व्यापार सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. परंतु जोसेफचे मन त्यात रमले नाही. थोरला भाऊ पाम्फिल ज्या धर्मसंघात गेला होता, त्याच संघात जोसेफनेही प्रवेश केला व डेमियन हे नाव धारण केले. व्रतग्रहणाच्या दिवशी त्या संघात एक विधी होत असे. व्रत घेणाऱ्याच्या अंगावर प्रेतवस्त्र पसरीत. जुने जीवन संपले आणि यापुढचे जीवन ईश्वराचे व दुसऱ्यांचे, असा त्या विधीचा अर्थ होता. तरुण डेमियन यांच्या मनावर त्या वस्त्राचा ठसा कायमचा उमटला.

पुढे पाम्फिल यांची हवाई बेटांवर धर्मकार्यासाठी नेमणूक झाली. परंतु निघण्यापूर्वीच ते आजारी पडले. डेमियन यांनी त्यांच्या जागी जाण्याची अनुज्ञा मागितली व मिळवली. अनेक महिन्यांचा सागरप्रवास करून १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूस पोहोचले. तेथेच त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर नऊ वर्षे ते हवाईच्या मोठ्या बेटावर राहिले, तेथील भाषा शिकले आणि आपल्या हातांनी प्रार्थनामंदिरे बांधीत गावोगाव हिंडले.

मोलोकाईच्या रोग्यांना एखादा धर्मगुरू हवा होता. परंतु तेथे कायमचे पाठवणे म्हणजे मृत्यूच्या दाढेत लोटणे, हे बिशप जाणत होते. म्हणून चौघांनी आळीपाळीने काही महिने जावे, असे ठरले. पहिली पाळी फादर डेमियन यांची होती. १० मे १८७३ रोजी ते त्या किनाऱ्यावर उतरले. राहण्यास घर नव्हते, म्हणून आरंभीच्या रात्री त्यांनी एका केवड्याच्या जातीच्या झाडाखाली काढल्या. आणि दोनच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवले की, आपली येथेच कायम राहण्याची इच्छा आहे. दुसऱ्या कोणावरही पाळी आली नाही.

प्रवचन करताना धर्मगुरू श्रोत्यांना बंधुजन म्हणून संबोधीत. फादर डेमियन यांनी मात्र पहिल्याच वर्षी तो प्रघात सोडला. रोग्यांसमोर बोलताना ते स्वतःला त्यांच्यातच धरून आम्ही कुष्ठरोगी असा उल्लेख करू लागले. त्या वेळी त्यांच्या अंगावर रोगाचे चिन्हही नव्हते. रोग्यांनी कुटलेल्या अळूच्या कंदांचा लगदा ते त्यांच्याच भांड्यातून खात, त्यांच्या जखमा धूत, मलमपट्टी करीत. दुर्गंधी असह्य होई, तेव्हा तंबाखूच्या धुराचा आश्रय घेत. परंतु तोंड फिरवीत नसत. त्यांनी घरे बांधली, डोंगरातील पाणी नळांनी वस्तीपर्यंत आणवण्यास हातभार लावला, अनाथ मुलांसाठी निवास उभारले, वाद्यवृंद व गायकवृंद तयार केला. शवपेट्याही ते स्वतः करीत आणि थडगीही स्वतः खणीत.

त्यांचा स्वभाव तापट होता. हट्टीपणामुळे वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. वस्तीत जुगार व मद्यपान माजले, तेव्हा काठी घेऊन ते दारूची भांडी फोडीत. परंतु आपल्या प्रेमास पात्र कोण आणि अपात्र कोण, ही निवड त्यांनी कधी केली नाही. पंथ कोणताही असो वा वर्तन कसेही असो, रोग्यासाठी त्यांचे दार उघडे असे.

या निष्ठेची किंमत मोठी होती. १८७३ मध्येच त्यांच्या बाहेर जाण्यावर निर्बंध आले. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले असता त्यांना किनाऱ्यावर उतरू दिले नाही आणि डेमियन यांना जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा लहानशा नावेत उभे राहून, सर्वांच्या देखत, त्यांनी मोठ्याने आपल्या पापांची कबुली दिली. एरवी ही कबुली अत्यंत खाजगी असते. त्या दिवशी ते मानवी सहवासाला किती पारखे झाले होते, हे यावरून ध्यानात येते.

१८८४ च्या डिसेंबरात एके दिवशी त्यांनी थकलेले पाय कढत पाण्यात बुडवले. कातडी भाजून फोड आले. पण वेदना झाल्या नाहीत. त्याचा अर्थ त्यांना तत्काळ उमगला. अकरा वर्षांहून अधिक काळ मनाने जे पत्करले होते, ते आता शरीरानेही पत्करले होते. तरीही बांधकाम व परिचर्या थांबली नाही. शेवटच्या वर्षांत जोसेफ डटन व मदर मरियान कोप यांच्यासारखे साहाय्यक येऊन पोहोचले आणि आपल्यामागे रोग्यांचे कसे होईल, ही चिंता मिटली. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, फादर डेमियन यांनी देह ठेवला. पहिल्या रात्री ज्या झाडाने आसरा दिला होता, त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

मृत्यूनंतर त्यांच्यावर निंदेचे शिंतोडेही उडाले. तेव्हा प्रख्यात कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी मोलोकाईस जाऊन चौकशी केलेली होती. त्यांनी डेमियन यांचे दोष न लपवता १८९० मध्ये एका अनावृत पत्राद्वारे निंदकास सडेतोड उत्तर दिले. स्टीव्हन्सन हे डेमियन यांच्या पंथाचे नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि तो सहजासहजी जडत नाही, हेही सिद्ध झाले आहे. हवाईतील सक्तीचा विलगवास १९६९ मध्ये संपला. १९३६ मध्ये फादर डेमियन यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले आणि २००९ मध्ये त्यांना संतपद मिळाले. परंतु त्याआधी, १९९५ मध्ये, मोलोकाईच्या रहिवाशांना त्यांच्या देहाचा एक अवशेष परत मिळाला. तो होता त्यांचा उजवा हात. ज्या हाताने जखमा धुतल्या, घरे उभारली आणि थडगी खणली, तो हात आपल्या माणसांत परत येऊन विसावला.