संसाराची किल्ली

थोर रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्की यांचे नाव साहित्यप्रेमींना परिचित आहे. परंतु त्यांचा संसार सावरणारी पत्नी आन्ना मात्र पडद्याआडच राहिली.

१८६६ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची ही लघुलेखिका त्यांच्याकडे कामास आली. प्रकाशकाची मुदत गळ्याशी आलेली. 'जुगारी' ही कादंबरी २६ दिवसांत तिने उतरवून घेतली आणि १८६७ च्या फेब्रुवारीत ती त्यांची पत्नी झाली. कादंबरीतले व्यसन लेखकाचेच आहे, याची प्रचीती तिला लवकरच आली. धनकोंचा ससेमिरा चुकविण्यासाठी दोघे परदेशी गेली. बाडेन-बाडेनला रूलेटच्या टेबलावर पैसे गेले. मग तिची कर्णभूषणे, लग्नाच्या अंगठ्या, कपडेसुद्धा गहाण पडले. दोस्तोव्हस्की रडत, क्षमा मागत आणि उरलेसुरले घेऊन पुन्हा खेळायला जात. आन्ना त्यांच्यापुढे सहसा गप्प राही. मनातला सल त्यांना वाचता न येणाऱ्या लघुलिपीत रोजनिशीत उतरवी. अखेर १८७१ मध्ये वीसबाडेनला ते शेवटचे हरले आणि जुगार कायमचा सुटला.

पण सोशिकपणाने कर्ज फिटत नसते. रशियात परतल्यावर आन्नाने सारा व्यवहार हाती घेतला. धनकोंशी आता तीच बोले. १८७३ मध्ये पतीची कादंबरी तिने घरूनच प्रकाशित केली. कागद, छपाई, विक्री सारे जातीने पाहिले. १८८१ मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा जुने कर्ज फिटलेले होते.

आन्नाने पतीवर जीव ओवाळला. परंतु संसाराची किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली, तेव्हाच घर सावरले.