आधी पाणी, मग पेठ

शिनोलीतून घोडेगावला कॉलेजला जाताना रस्त्यातल्या पाट्या तुम्ही रोज वाचता. मुक्काम अमुक, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. आता एक सांगा, हे आंबेगाव आहे कुठे? तहसील घोडेगावात, मोठा बाजार मंचरला. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या खुणा वर येतात. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते तिथल्या बाजाराबद्दल सांगतील. घरांना नवी जागा मिळते हो, पण पेठ काही तशी उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

पाण्यानं पेठ गेल्याची ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. आज उलटी गोष्ट ऐका. पाणी आणून पेठ उभी करणाऱ्या माणसाची. तो काही वर्षं आपल्या शेजारीच, जुन्नरला, राहून गेलाय. त्याचं नाव मलिक अंबर. शाळेच्या इतिहासात तो तुम्हाला एखाद्या ओळीत भेटला असेल, निजामशाहीचा वजीर म्हणून. पण परीक्षेत दोन मार्कांना उरकावा असा हा माणूस नाही.

जन्म साधारण १५४८चा, इथिओपियातला. घरचं नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तान, तिथून बगदाद. तिथल्या मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. मग जहाजानं दख्खन. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. गंमत बघा, हा चंगेजखान स्वतःही हबशी, आणि एकेकाळचा गुलामच. म्हणजे गुलाम म्हणून आलेला माणूस इथं पेशवा होऊ शकतो, हे अंबरनं तरुणपणीच डोळ्यांनी पाहिलं. साधारण तुमच्याच वयाचा असेल तेव्हा.

चंगेजखान मेल्यावर अंबर मोकळा झाला. पुढची वीसेक वर्षं फार कुणाला ठाऊक नसलेला एक शिपाईगडी. विजापूरकरांकडे चाकरी केली, मलिक हा किताब तिथलाच. १५९५च्या सुमारास तो परत निजामशाहीत आला. १६००मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि सगळ्यांना वाटलं, निजामशाही संपली. अंबरला तसं वाटलं नाही. त्यानं राजघराण्यातल्या एका मुलाला परांड्याला गादीवर बसवलं, दुसरा मूर्तजा निजामशहा म्हणून. राज्य त्याच्या नावानं आणि कारभार अंबरचा.

१६०७मध्ये ही राजधानी परांड्याहून जुन्नरला आली. जुन्नर म्हटलं की तुम्हाला शिवनेरी आठवणार, आठवायलाच हवी. पण शिवजन्माच्या तेवीस वर्षं आधी हे गाव एका राज्याची राजधानी होतं, हे किती जणांना माहीत असतं? निजामशाही सुरू झाली तीच जुन्नरमधून, १४९०मध्ये. त्याच्याही दीड हजार वर्षं आधीपासून कल्याणकडून नाणेघाट चढून येणारा माल इथं उतरायचा. घाटमाथ्यावरचा जकातीचा तो दगडी रांजण तुम्ही ट्रेकला गेल्यावर पाहिला असेल, बहुतेक सेल्फीसकट. म्हणजे अंबर आला तो आयत्या, जुन्या, चालत्या पेठेत. आणि तरी तो इथं थांबला नाही. तीन वर्षांत राजधानी दौलताबादकडे हलली. लढाई तिकडे होती, मोगल तिकडून येत होते.

दौलताबादचा किल्ला लढायला चांगला, पण बाजार भरवायला, विणकर-कारागीर वसवायला डोंगराची तटबंदी काय कामाची? त्यानं जवळच्या खाम नदीकाठचं एक खेडं निवडलं. खडकी. साल १६१०. नावावरूनच जमीन कशी असेल ते कळतं. आज आपण ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते शहर या खेड्यातून वाढलं.

आता इथं जरा थांबू, कारण खरी गोष्ट इथं आहे. गाव सुधारायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं काय होतं? कमान. मग चौकात कारंजं, दुकानांना एका रंगाच्या पाट्या, आणि उद्घाटनाचा फोटो. कमान अंबरनंही बांधली, उगाच खोटं कशाला बोला. भडकल दरवाजा त्याचाच, १६१२चा, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून उभा केलेला. शहराची तटबंदी आणि बाकीचे बरेच दरवाजे नंतरचे. पण त्याचं मोठं काम कमानीसारखं दिसत नाही. ते जमिनीखाली आहे.

त्याला म्हणतात नहर-ए-अंबरी. कल्पना अशी: शहराच्या उत्तरेला, वरच्या अंगाला, हर्सूलकडच्या खोऱ्यात जमिनीत पाणी झिरपतं. ते पाणी खणून एकत्र करायचं आणि दगड-चुन्याच्या बंदिस्त बोगद्यातून, फक्त उतारावर, शहरापर्यंत आणायचं. मोट नाही, बैल नाहीत, पंप तर नाहीच. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं, हवा खेळायला आणि माणसाला आत उतरून गाळ काढायला. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खाणार, कमी झाला तर गाळ साचणार. इंजिनीअरिंग करणाऱ्यांनो, लेव्हल काढायचं तुमचं प्रॅक्टिकल आठवा, आणि हे चारशे वर्षांपूर्वीचं काम आहे हेही आठवा. शहरात आल्यावर ते पाणी नळांतून हौदांत सुटायचं.

ही अक्कल आली कुठून? अहमदनगरला खापरी नळांनी पाणी आणण्याची पद्धत आधीपासून होती, ती त्यानं पाहिलेली होती. बगदादच्या मुलखातही जमिनीखालून पाणी नेतात. दोन्हीकडचं बघून त्याच्या डोक्यात हे बसलं असावं, असा माझा अंदाज आहे. गुलाम म्हणून फिरवलेल्या पोरानं फिरता फिरता काय पाहून ठेवलं, बघा.

पाणी झालं, आता माणसं. नव्या पेठांपैकी काहींना त्यानं मराठा सरदारांची नावं दिली असं सांगतात: मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा. मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी ही ती नावं. नाव दिलं की तो सरदार तिथं वाडा बांधणार, वाड्यामागं घोडे, सुतार, लोहार, वाणी, सगळं आपोआप येणार. पेठ भरायची ही जुनी रीत. आणि बाजाराला गिऱ्हाईक हवं, गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, त्याच्या हातात पैसा उरायला हवा. म्हणून त्यानं जमिनीचा कस पाहून सारा ठरवला आणि महसूल मक्त्यानं देणं बंद केलं. मक्तेदार मधला मलिदा खायचा, तो गेला. पुणे प्रांतात पुढं कितीतरी काळ लोक मलिकंबरी धाऱ्याचं नाव काढत होते.

फार गोडगोड वाटायला लागलं असेल तर हेही ऐका. ज्या मूर्तजाला त्यानं गादीवर बसवलं त्याच्याशीच त्यानं आपली मुलगी दिली होती. पुढं वाड्यातलं भांडण चिघळलं, आणि १६१०मध्ये मूर्तजावर विषप्रयोग झाला. तो अंबरनंच करवला, असं इतिहासकार मानतात. मग मूर्तजाचा पाच वर्षांचा पोरगा गादीवर. पेठ वसवणाऱ्याचे हात स्वच्छच असतात असं नाही.

१६१६मध्ये रोशनगावला अंबर हरला. मोगल फौज खडकीत शिरली आणि तिनं शहर जाळलं. सहा वर्षांचं शहर. घरं, दुकानं, वाडे, सगळं. तुम्ही त्याच्या जागी असता तर? वय सत्तरीकडे झुकलेलं. दौलताबादच्या भिंतीआड बसायला मोकळा होता तो. त्यानं शहर पुन्हा बांधलं. १६२१मध्ये शहाजहानच्या फौजेनं ते पुन्हा उद्ध्वस्त केलं, तेव्हा शहाजहान अजून शहजादा होता. खडकी पुन्हा वसली. छप्परं जळतात, पण जमिनीखालची नहर जळत नाही. मला वाटतं लोक परत आले ते त्या पाण्यापाशी.

तिकडे जहांगीर इतका वैतागला होता की त्यानं एक चित्र काढून घेतलं: भाल्यावर अंबरचं मुंडकं, आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. १६२४मध्ये नगरजवळ भातवडीला विजापूर आणि मोगल दोघे मिळून आले, तर अंबरनं तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी सोडलं. शहाजीराजे त्या लढाईत अंबरच्या बाजूनं होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. पाणी कसं आणायचं हे ज्याला कळतं त्याला ते कधी सोडायचं हेही कळत असावं.

१६२६मध्ये, ऐंशीच्या आसपास, तो गेला. मुलगा फतेहखान यानं शहराला फतेहनगर म्हटलं. १६५३मध्ये औरंगजेब सुभेदार होऊन आला आणि त्यानं आपलं नाव दिलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. नावं बदलत राहिली, नहर मात्र पार विसाव्या शतकापर्यंत लोकांना पाणी देत होती. आता ती जागोजागी बांधकामांनी फुटली आहे, कुठं गाळानं भरली आहे, कुठं तिच्या तोंडावरच घर आहे. (गर्दीतली पाणचक्की बघून हीच ती नहर असं समजू नका, ती नंतरची, १७४४ची.)

कॉलेजची सहल वेरूळला गेली तर सरांना सांगून गाडी खुलताबादला थांबवा, वाटेतच आहे. तिथं अंबरची कबर आहे. काळपट दगडाचा घुमट, आसपास फारसं कुणी नसतं. आणि शहरात शिरल्यावर भडकल दरवाजाचा फोटो काढून झाला की एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, नहरीचं तोंड कुठाय म्हणून. बहुतेक तो तुम्हाला गल्लीत आत घेऊन जाईल.