मूठभर तांदूळ आणि चार पैसे : कामराज यांचे शिक्षणव्रत

दरवर्षी १५ जुलै हा दिवस तमिळनाडूतील शाळांमध्ये शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो. हा के. कामराज यांचा जन्मदिवस. सुमारे साडेनऊ वर्षे ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नेहरूंनंतर लालबहादूर शास्त्री आणि शास्त्रीजींनंतर इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, त्या दोन्ही वेळी त्यांचा शब्द निर्णायक ठरला. हा राजकीय इतिहास अनेकांना ठाऊक आहे. परंतु ज्यांचे स्वतःचे शिक्षण सहावीत थांबले, त्यांच्या नावाने शिक्षणाचा दिवस का साजरा व्हावा, हे जाणून घेण्यासाठी त्यांच्या जीवनातील एक वेगळाच धागा धरावा लागतो. गावाने आपल्या शाळेसाठी काय करावे, या प्रश्नाचा तो धागा आहे.

मुठीवर उभी राहिलेली शाळा

तमिळनाडूच्या दक्षिणेला विरुधुनगर हे व्यापारी गाव आहे. पूर्वी त्याला विरुदुपट्टी म्हणत. तेथील नाडार समाज परंपरेने ताडाच्या झाडांवर उपजीविका करणारा. पुढे त्यातील अनेक कुटुंबे व्यापारात स्थिरावली, पण समाजातील अवहेलना संपली नाही. कित्येक मंदिरांचे दरवाजे त्यांना बंद होते. अशा समाजाने रडत न बसता आपल्या मुलांसाठी शाळा उभारण्याचे ठरवले आणि १८८९ मध्ये क्षत्रिय विद्याशाळा सुरू झाली.

पैसा कोठून आला? व्यापारी आपल्या उलाढालीतून ‘महमै’ नावाचा छोटासा हिस्सा समाजाच्या निधीत टाकत. घरोघरच्या गृहिणी रोज भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ वेगळे काढून ठेवत. तमिळमध्ये याला ‘पिडि अरिसी’ म्हणतात. पिडि म्हणजे मूठ, अरिसी म्हणजे तांदूळ. साठलेले तांदूळ गोळा होत, विकले जात आणि त्यातून शाळा चाले. तेथे मुलांना फी पडत नसे. ज्या घरात दान द्यायला रुपया नव्हता, त्या घरातही मूठ होती. त्यामुळे शाळा कोणा एका धनिकाची झाली नाही. ती प्रत्येक चुलीची झाली.

याच गावात १५ जुलै १९०३ रोजी कुमारस्वामी नाडार आणि शिवकामी अम्माळ यांच्या पोटी कामराज जन्मले. वडील नारळाचे व्यापारी. कुलदेवतेवरून मुलाचे नाव कामाक्षी ठेवले होते, आई लाडाने राजा म्हणे. दोन्ही मिळून कामराज झाले. थोडे मोठे झाल्यावर ते याच मुठीच्या शाळेत जाऊ लागले.

प्रसादाचा वाटा

त्यांच्या बालपणीची एक गोष्ट तमिळनाडूत घरोघरी सांगितली जाते. शाळेत गणेशचतुर्थीचा उत्सव होता. प्रत्येक विद्यार्थ्याने ठरलेली वर्गणी दिली होती. पूजा झाली, प्रसाद वाटायची वेळ आली आणि मुलांनी एकच गर्दी केली. छोटा कामराज धक्काबुक्कीत शिरला नाही. त्याची पाळी येईपर्यंत प्रसाद जवळजवळ संपला होता. घरी आल्यावर एवढासाच प्रसाद का, असे विचारले गेले. त्याचे उत्तर साधे होते. वर्गणी सर्वांची सारखी, तर प्रसादही सर्वांना सारखा मिळायला हवा होता. पुढे घुसणे हे मुलाचे काम नाही. मागे उभ्या असलेल्यापर्यंत प्रसाद पोहोचतो की नाही, हे पाहणे वाटणाऱ्याचे काम आहे.

गोष्ट लहान आहे, पण पुढच्या आयुष्यात कामराज यांनी जे केले ते सारे तिच्यात बीजरूपाने दिसते. दान गोळा होणे ही अर्धी सेवा आहे. ते शेवटच्या मुलापर्यंत पोहोचणे ही उरलेली अर्धी.

शाळा होती, पण शिकता आले नाही

कामराज सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने कानातली सोडून सर्व दागिने विकले, ती रक्कम एका व्यापाऱ्याकडे ठेवली आणि तिच्या व्याजावर घर चालवले. शेवटी तेही पुरेना. बारा वर्षांच्या आतबाहेर असताना कामराज यांनी शाळा सोडली आणि ते मामाच्या कापडाच्या दुकानात काम करू लागले.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. शाळेला फी नव्हती. गावाने मूठ मूठ करून ती चालवली होती. तरीही तिचा एक हुशार मुलगा गळाला, कारण घरची चूल शाळेपेक्षा जवळची होती. शाळेचे दार उघडे ठेवणे पुरेसे नाही, त्या दारापर्यंत येणाऱ्या मुलाच्या पोटाचाही विचार करावा लागतो. हा धडा कामराज यांना पुस्तकात मिळाला नाही, तो स्वतःच्या घरात मिळाला.

१९१९ च्या जालियनवाला बागेच्या वार्तेने त्यांना स्वातंत्र्य चळवळीकडे ओढले. १९३० मध्ये वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांना पहिली शिक्षा झाली. सर्व मिळून सुमारे नऊ वर्षे त्यांनी कारावासात काढली. १९४२ नंतरच्या बंदिवासातील काही काळ ते आपल्या विदर्भातील अमरावतीच्या तुरुंगात होते. विवाह त्यांनी केला नाही. वाचन मात्र तुरुंगातही सुरू ठेवले.

भुकेचा प्रश्न

१३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याआधीच्या वर्षी तेथे प्राथमिक शाळा अर्धा दिवस भरवून उरलेला वेळ मुलांनी घरच्या व्यवसायात घालवावा, अशी योजना आली होती. तिला मोठा विरोध झाला होता. कामराज यांनी ती मागे घेतली. मुलाने पूर्ण दिवस शाळेत असावे, हा त्यांचा आग्रह होता. गावोगावी नव्या शाळा निघाल्या, पण शाळा काढल्या तरी मुले येतीलच असे नव्हते.

त्यांच्या दौऱ्यातील एक आठवण आजही सांगितली जाते. वाटेत गुरे राखणारा एक मुलगा भेटला. शाळेत का जात नाहीस, असे त्याला विचारले. शाळेत गेलो तर जेवायला कोण देणार, असा त्याचा उलट प्रश्न होता. विरुधुनगरच्या मुलाला हा प्रश्न नवा नव्हता.

शाळेत जेवण देण्याची कल्पना मद्रास शहराला परिचित होती. १९२० च्या दशकात तेथील महानगरपालिकेने काही शाळांत असा प्रयोग केला होता. कामराज यांना ती खेड्यापाड्यांत न्यायची होती. त्यांना एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्यासारखे तळमळीचे शिक्षण संचालक लाभले. तिजोरीत एवढा पैसा नव्हता, म्हणून सुरुवात लोकांपासून झाली. गावकऱ्यांनी धान्य, भाजी, सरपण आणि भांडी दिली. १९५६ मध्ये कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या एट्टयपुरम या गावी कामराज यांनी या कार्याचा शुभारंभ केला. मुलांच्या अन्नासाठी वेळ पडली तर दारोदार भिक्षा मागण्याची त्यांची तयारी होती, असे सांगतात.

सहा पैसे आणि चार पैसे

आता एक कठीण प्रश्न उभा राहिला. केवळ लोकवर्गणीवर जेवण चालवले, तर ज्या गावात पाऊस पडला त्या गावची मुले जेवणार आणि दुष्काळी गावची उपाशी राहणार. ज्या मुलांना अन्नाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच गावात देणारे हात कमी. प्रसादाच्या गर्दीतील मागे राहिलेला मुलगा येथे पुन्हा दिसतो.

कामराज सरकारने यातून मार्ग काढला. एका जेवणाचा खर्च दहा पैसे धरला. त्यातील सहा पैसे शासनाने द्यायचे आणि चार पैसे गावाने उभे करायचे. शासनाच्या सहा पैशांमुळे गरीब गावाला आधार मिळाला. गावाच्या चार पैशांमुळे शाळा सरकारची न राहता गावाची झाली. जो चार पैसे देतो तो शाळेत डोकावतो, आमटी पातळ झाली तर विचारतो, शिक्षक आले की नाही हे पाहतो. कामराज यांनी लोकांचे दान शासनाच्या कर्तव्याच्या जागी बसवले नाही, आणि शासनाचे कर्तव्य पुढे करून लोकांना मोकळेही सोडले नाही.

शाळेने दिलेली यादी

जेवणानंतर याच विचाराचे पुढचे पाऊल पडले. १९५८ पासून चेंगलपट्टू जिल्ह्यातील कडंबत्तूर भागात शाळा सुधार चळवळ सुरू झाली आणि नंतर राज्यभर पसरली. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम शिक्षक आणि ग्रामस्थ एकत्र बसून आपल्या शाळेत काय कमी आहे ते लिहून काढत. बाक, फळा, भिंतीवरचे घड्याळ, नकाशे, विज्ञानाचे साहित्य, ग्रंथालयासाठी पुस्तके, खेळाचे सामान, पिण्याच्या पाण्याची सोय, जेवणाची ताटे, गरीब मुलांसाठी गणवेश. प्रत्येक वस्तूपुढे तिचा अंदाजे खर्च. मग ज्याला जे झेपेल ते तो स्वीकारे. कोणी खोली बांधून देई, कोणी एक घड्याळ, कोणी श्रमदानाने भिंतींना चुना लावी. परिसरातील शाळांची मिळून परिषद भरे आणि तेथे या वस्तू शाळांना अर्पण होत. अशा परिषदांना स्वतः मुख्यमंत्रीही जात.

यादी शाळेची होती, देणाऱ्याची नव्हती, हे या पद्धतीचे मर्म आहे. आपण अनेकदा स्वतःला आवडेल ते दान करतो. शाळेला पाण्याची टाकी हवी असते आणि आपण नाव कोरलेली कमान देतो. आधी गरज विचारणे म्हणजे अहंकार बाजूला ठेवणे. सेवेतील साधना येथेच सुरू होते.

महाराष्ट्रातील वाचकांना हे ऐकून कर्मवीर भाऊराव पाटील आठवतील. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनीही मुष्टिफंडाच्या रूपाने घरोघरच्या दळणातून मूठमूठ धान्य काढून वसतिगृहातील मुलांना वाढवले. सातारा आणि विरुधुनगर यांची भाषा वेगळी, पण जात्यापाशी आणि चुलीपाशी बसलेल्या माउलीची मूठ एकच.

घेतले नाही म्हणून मागता आले

कामराज प्रवचनकार नव्हते. अध्यात्मावर ते फारसे बोलत नसत. त्यांची साधना त्यांच्या राहणीत दिसे. मुख्यमंत्र्यांच्या आईच्या घरी पालिकेने खास नळ जोडून दिला, तेव्हा त्यांनी तो काढायला लावल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. गावातील बाकीच्या आया सार्वजनिक नळावर रांगेत उभ्या असताना आपल्या आईसाठी वेगळा नळ त्यांना मान्य नव्हता. स्वतःसाठी काही न घेणारा माणूस मुलांसाठी हात पसरतो, तेव्हा लोक हात आखडत नाहीत.

२ ऑक्टोबर १९६३ रोजी पक्षकार्यासाठी त्यांनी मुख्यमंत्रिपद स्वतःहून सोडले. १९६७ च्या निवडणुकीत ज्या विरुधुनगरने त्यांना घडवले, तेथेच एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून त्यांचा पराभव झाला. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरलाच, गांधी जयंतीच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. चेन्नईतील ज्या घरात ते राहत ते भाड्याचे होते. मागे उरले ते थोडे कपडे, पुस्तके आणि अगदी किरकोळ रक्कम. १९७६ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

त्यांनी पेरलेले मात्र वाढत गेले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी शाळेतील भोजनाची व्याप्ती खूप वाढवली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. आज आपल्या गावच्या शाळेत खिचडीचा वास दरवळतो, त्यामागे एट्टयपुरमची ती पंगतही आहे.

आपली मूठ

आपल्यापैकी अनेकांची मुले आता सरकारी शाळेत जात नाहीत. म्हणूनच त्या शाळा परक्या वाटू लागतात. कामराज यांचे जीवन आपल्याला त्या दाराशी पुन्हा नेऊन उभे करते. आपण देशात कोठेही राहत असू, जवळच्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा राज्य सरकारच्या शाळेत एकदा जावे. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटून शाळेची यादी मागावी. वाचनालयासाठी पुस्तके असतील, प्रयोगाचे साहित्य असेल, संगीताची पेटी असेल किंवा शनिवारी तासभर गणित शिकवणारा एखादा माणूस हवा असेल. एकट्याने सर्व उचलू नये. आपल्या मंडळातील दहा घरांनी महिन्याला थोडे थोडे बाजूला काढावे, त्याचा हिशेब सर्वांसमोर ठेवावा आणि दिलेली वस्तू वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलाच्या हाती पोहोचते का, हेही पाहावे.

हे एका दिवसाच्या उत्साहाने होणार नाही. विरुधुनगरच्या गृहिणींनी एकदाच पोते भरून दिले नव्हते. त्यांनी रोज भात शिजवण्याआधी एक मूठ बाजूला ठेवली. उद्या सकाळी स्वयंपाकाला सुरुवात करताना आपणही एक रिकामा डबा शेजारी ठेवूया.