फाशीविरुद्ध उभा राहिलेला वकील : क्लॅरेन्स डॅरो



अमेरिकेतले नामवंत वकील क्लॅरेन्स डॅरो (१८५७–१९३८) आधी आपल्यासारखेच शाळामास्तर होते, हे तुम्हाला माहीत आहे का? ओहायो राज्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत त्यांनी शिकवलं आणि मुलांना मारणं बंद केलं. त्या काळी हे धाडसच म्हणायचं! १८७८ मध्ये वकिलीची सनद मिळाली, १८८७ मध्ये ते शिकागोला आले.

१८९४ साली त्यांनी प्रेंडरगास्ट या तरुणाची बाजू घेतली. त्याने शिकागोच्या महापौरांचा खून केला होता. तो मनाने आजारी आहे, असं डॅरोंनी परोपरीने सांगितलं, पण ज्युरीला पटलं नाही. तो फासावर गेला.

आता १९२४ कडे या. लिओपोल्ड आणि लोएब ही श्रीमंत घरची, अतिशय हुशार मुलं. वय जेमतेम १८-१९. आपण पकडले जाणार नाही या घमेंडीत त्यांनी १४ वर्षांच्या बॉबी फ्रँक्सला मारलं. अख्खं शहर फाशी मागत होतं. खरं सांगा, बॉबी आपल्या वर्गातला असता तर तुम्ही-आम्ही काय मागितलं असतं?

डॅरो तेव्हा ६७ वर्षांचे. त्यांनी आरोपींना गुन्हा कबूल करायला लावला. वेडेपणा वाटेल, पण त्यात हिशोब होता. कबुलीमुळे खटला ज्युरीपुढे गेलाच नाही. बारा जणांत जबाबदारी वाटली जाते. इथे न्यायाधीश कॅव्हर्ली यांना एकट्याने ठरवायचं होतं. मग डॅरो तासन्‌तास बोलले, तीन दिवसांत मिळून. मुलं निर्दोष आहेत असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्यांचं वय, त्यांची बिघडलेली मनं आणि सरकारने जीव घेण्यातली क्रूरता, एवढंच मांडलं. न्यायाधीशांनी आरोपींचं वय पाहून जन्मठेप आणि वर ९९ वर्षांची कैद दिली.

पुढे काय झालं? दोघांनी तुरुंगात कैद्यांसाठी पत्राद्वारे शिकवणारी शाळा काढली. (बॉबीला मात्र शाळा पूर्ण करता आली नाही, हेही विसरू नका.) १९३६ मध्ये लोएबला दुसऱ्या कैद्याने मारलं. लिओपोल्ड १९५८ मध्ये सुटला आणि पोर्टो रिकोत दवाखान्यात काम करू लागला. ज्या इलिनॉय राज्यात हा खटला चालला, तिथे फाशीची तरतूदच रद्द व्हायला २०११ साल उजाडलं. तोवर डॅरोंना जाऊन ७३ वर्षं झाली होती.