‘मॉबी डिक’चा उपेक्षित कर्ता

जगातील श्रेष्ठ कादंबऱ्यांची यादी करायची झाली, तर ‘मॉबी डिक’ला वगळून ती पूर्ण होत नाही. मात्र ही कादंबरी लिहिणाऱ्या हर्मन मेलव्हिलने आयुष्यातील १९ वर्षे न्यूयॉर्कच्या बंदरावर जकात निरीक्षक म्हणून काढली. २८ सप्टेंबर १८९१ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची त्रोटक दखल घेतली. ऐन तारुण्यात अमेरिका आणि इंग्लंड या दोन्ही देशांत गाजलेल्या या लेखकाच्या वाट्याला अशी उपेक्षा का यावी? त्याचे उत्तर त्याच्या नशिबापेक्षा त्याने स्वतः केलेल्या निवडीत अधिक सापडते.

मेलव्हिलचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्कमधील एका प्रतिष्ठित कुटुंबात झाला. त्याचे वडील फ्रान्समधून चैनीच्या वस्तू आयात करीत. पुढे त्यांचा व्यापार बुडाला आणि १८३२ मध्ये कर्जाचा डोंगर मागे ठेवून ते वारले. तेव्हा हर्मन अवघा १२ वर्षांचा होता. शिक्षण अर्धवट राहिले. बँकेतील कारकुनी, शेतावरील काम, शाळेतील मास्तरकी असे उद्योग करून झाल्यावर जानेवारी १८४१ मध्ये तो ‘अ‍ॅकुशनेट’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून रुजू झाला. त्या काळी कितीतरी घरांतील दिवे देवमाशाच्या तेलावर जळत. त्यामुळे हा धंदा तेजीत होता. पण खलाशांचे जिणे हलाखीचे होते. दीड वर्षानंतर प्रशांत महासागरातील मार्केसास बेटांवर मेलव्हिलने एका सोबत्यासह जहाजावरून पळ काढला. नरभक्षक म्हणून बदनाम असलेल्या टायपी जमातीत तो काही आठवडे राहिला. पुढे दुसऱ्या जहाजावरील बंडात सामील झाल्याबद्दल ताहितीमध्ये कैद भोगून, अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवर चाकरी करून तो ऑक्टोबर १८४४ मध्ये मायदेशी परतला.

या अनुभवांवर त्याने लिहिलेले ‘टायपी’ (१८४६) आणि ‘ओमू’ (१८४७) वाचकांनी उचलून धरले. मात्र या पुस्तकांत साहसाच्या जोडीला एक बोचरा प्रश्नही होता. रानटी म्हटली जाणारी माणसे खरी रानटी, की त्यांच्या बेटांवर तोफा, रोग आणि धर्मप्रसारक घेऊन येणारे सुधारलेले लोक? मिशनऱ्यांवरील त्याची टीका इतकी झोंबली, की ‘टायपी’च्या सुधारित अमेरिकी आवृत्तीतून तो मजकूर काढावा लागला.

अशी आणखी चार-पाच पुस्तके लिहून मेलव्हिलला सुखाने जगता आले असते. १८४७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरन्यायाधीशांची कन्या एलिझाबेथ शॉ हिच्याशी त्याचा विवाह झाला होता. संसार वाढत होता. परंतु ‘मार्डी’ (१८४९) या कादंबरीत तो साहसकथेकडून तत्त्वचिंतनाकडे वळला आणि वाचकांनी पाठ फिरवली. मग पैशांसाठी त्याने ‘रेडबर्न’ आणि ‘व्हाइट-जॅकेट’ ही दोन पुस्तके झपाट्याने हातावेगळी केली. नौदलातील फटक्यांच्या शिक्षेवर ‘व्हाइट-जॅकेट’मध्ये कडाडून हल्ला होता, ते पुस्तक आले त्याच वर्षी, १८५० मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ती शिक्षा रद्द केली.

१८५० च्या उन्हाळ्यात नॅथॅनियल हॉथॉर्न या ज्येष्ठ कादंबरीकाराशी त्याची मैत्री जुळली. त्या वेळी मेलव्हिल देवमाशांच्या शिकारीवर नवी कादंबरी लिहीत होता. १८२० मध्ये एका देवमाशाने धडक देऊन ‘एसेक्स’ हे जहाज बुडवल्याची सत्यकथा त्याला ठाऊक होती. त्या सामग्रीतून त्याने एक महाकाव्यच उभे केले. आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा सूड घेण्यासाठी अहाब हा कप्तान सगळे जहाज मृत्यूच्या दाढेत नेतो. एका माणसाच्या वेडापुढे सुजाण माणसेही कशी मान तुकवतात, हे मेलव्हिलने दाखवले. दुसरीकडे इश्माएल हा गोरा ख्रिस्ती खलाशी आणि अंगभर गोंदलेला क्वीक्वेग यांची मैत्री रंगवून माणसाची जात-धर्मापलीकडची समानताही त्याने अधोरेखित केली.

कादंबरी १८५१ मध्ये आधी लंडनला, मग न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. लंडनच्या आवृत्तीत उपसंहारच गळाला. सगळेच बुडाले तर कथा सांगतो कोण, असा सवाल समीक्षकांनी केला. वाचक गोंधळले. लेखकाच्या हयातीत अमेरिकेत जेमतेम तीन हजारांवर प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘पिएर’नंतर तर मेलव्हिलला वेड लागल्याचे छापून आले. वॉल स्ट्रीटवरील कचेरीत काम करण्यास शांतपणे नकार देणाऱ्या नकलनविसाची ‘बार्टलबी’ (१८५३) आणि गुलामांच्या बंडावरील ‘बेनिटो सेरेनो’ (१८५५) या आज वाखाणल्या जाणाऱ्या दीर्घकथाही त्याचे दैव पालटू शकल्या नाहीत. १८५७ नंतर हयातीत त्याची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाही.

डिसेंबर १८६६ मध्ये तो जकात खात्यात लागला. रोजचा पगार चार डॉलर. लाचखोरीने पोखरलेल्या त्या खात्यात त्याने हात स्वच्छ ठेवले. मात्र त्याने केलेल्या निवडीची किंमत घरच्यांनीही मोजली. कर्ज, त्याची चिडचिड आणि मद्यपान यांनी एलिझाबेथ इतकी त्रासली होती, की १८६७ मध्ये तिने विभक्त व्हावे अशी चर्चा माहेरी झाली. त्याच वर्षी थोरला मुलगा माल्कम घरात स्वतःच्या पिस्तुलाच्या गोळीने मरण पावला. १८८६ मध्ये दुसरा मुलगाही गेला.

तरीही रात्री लेखन चालूच होते. देव आहे की नाही, या प्रश्नाने मेलव्हिलचा पिच्छा कधीच सोडला नाही. पवित्र भूमीच्या यात्रेवर त्याने सुमारे १८ हजार ओळींचे ‘क्लॅरेल’ (१८७६) हे काव्य लिहिले. अखेरचे दोन कवितासंग्रह तर प्रत्येकी २५ प्रतींपुरते छापले गेले. वाचक उरले नव्हते. लिहिण्याची गरज मात्र उरली होती.

जन्मशताब्दीच्या सुमारास त्याच्याविषयीचे कुतूहल जागे झाले. १९२१ मध्ये रेमंड वीव्हरने लिहिलेले चरित्र आले. एलिझाबेथने जपून ठेवलेली पतीची हस्तलिखिते नातीने वीव्हरच्या हाती दिली होती. त्यांत ‘बिली बड’ ही अपुरी कादंबरिका सापडली. निरपराध खलाशाला कायद्याच्या नावाखाली फाशी देणाऱ्या कप्तानाची ही कथा १९२४ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर ३३ वर्षांनी, वाचकांसमोर आली. जिने या लेखनापायी सर्वाधिक सोसले, तिनेच ती कागदपत्रे सांभाळली होती.